गुन्ह्याची बातमी आणि गुन्हेगाराचा धर्म



या विषयाची मागणी आपल्यातीलच एका नित्य श्रोत्याने केली, असे चिटणिसांनी मला सांगितले आणि त्यांचे पत्रही दाखवले. त्यांची तक्रार थोडक्यात अशी : गुन्हेगार मुसलमान असला की वर्तमानपत्रे त्याचे नाव गिळतात, आणि हिंदू असला की तेच नाव मथळ्यात मिरवतात, तेव्हा एखाद्या वर्तमानपत्रवाल्यानेच व्यासपीठावर येऊन याचा जाब द्यावा. योगायोग असा की, त्याच आठवड्यात वकिली करणाऱ्या माझ्या एका मुसलमान स्नेह्याने मला अगदी उलट ऐकवले होते. तो म्हणाला, "आमच्यातला एखादा पोरगा नुसता चौकशीला नेला तरी तुमच्या पहिल्या पानावर चढतो, सुटला की मात्र तो कोणाला दिसत नाही." दोघेही शिकलेसवरलेले आणि दोघेही मी जेथे नोकरी केली त्या पत्राचे जुने वाचक. एकाच कागदावरून दोन माणसे दोन विरुद्ध निष्कर्ष काढतात तेव्हा त्यांतील एक खोटा असला पाहिजे, असे समजणे सोयीचे असते. उपसंपादकाच्या टेबलावर तीसेक वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोघेही बरेचसे खरे बोलत आहेत. हे कसे घडते एवढेच मला आज सांगायचे आहे.

तक्रार काही नवी नाही. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईला हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातील पत्रांनी गोरक्षणाच्या चळवळीकडे बोट दाखवले आणि टिळकांनी 'केसरी'तून सरकारच्या पक्षपाती धोरणाकडे. दंगा एकच, पण कोणाचे पत्र हाती घ्यावे यावर दोषी कोण हे ठरत होते. आजचे वाचक याला फारसे हसू शकतील असे मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या वर्तमानपत्रांनी यावर एक तोड काढली. दंग्याच्या बातमीत जमातीचे नावच घालायचे नाही. यामागे शहाणपण होते. भिवंडीत ७ मे १९७० रोजी दंगल उसळली आणि दुसऱ्याच दिवशी जळगाव पेटले. बातमी आगगाडीपेक्षा वेगाने धावते आणि वाटेत तिला शेपट्या फुटतात, हे ज्यांनी पाहिले त्यांनी तो संयम पाळला. वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेतही तो उतरला. परंतु या संयमाची हळूहळू एक भाषा झाली, आणि ती भाषा आपणां सर्वांना पाठ आहे : 'दोन गटांत दगडफेक', 'एका विशिष्ट समाजाच्या प्रार्थनास्थळाजवळ', 'विशिष्ट समाजाचा जमाव'. मी स्वतः 'विशिष्ट' हा शब्द इतक्या वेळा लिहिला आहे की, तो माझ्या पेनातून आपोआप उतरे. आता गंमत पाहा. 'विशिष्ट समाज' म्हटल्यावर महाराष्ट्रातला कोणता वाचक लिंगायत किंवा पारशी समजतो? म्हणजे नाव तर कळतेच. वर हेही कळते की, लिहिणारा ते लपवतो आहे. नाव उघड छापले असते तर वाचकाने ते वाचून सोडून दिले असते. लपवलेले नाव त्याच्या मनात घर करते, आणि 'हे आपल्यापासून आणखी काय लपवतात?' या प्रश्नाला तो जन्मभर उत्तरे शोधत बसतो. उत्तरे देणारे त्याला पुष्कळ भेटतात. अलीकडे तर ती खिशातल्या फोनवर फुकट मिळतात.

हाच धडा जर्मनीला एका रात्रीत मिळाला. २०१५ संपून २०१६ उजाडले त्या रात्री कोलोन शहरातील रेल्वे स्थानकाबाहेरच्या गर्दीत शेकडो स्त्रियांवर हात टाकण्यात आले, चोऱ्याही झाल्या. पुढे दाखल झालेल्या तक्रारी बाराशेच्या वर गेल्या. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेल्या तरुणांचा भरणा होता. आणि सकाळी पोलिसांनी काढलेले पत्रक काय म्हणत होते? रात्र आनंदात आणि बव्हंशी शांततेत गेली! देशभरच्या मोठ्या वृत्तसंस्थांना जाग येईपर्यंत चार दिवस गेले. सरकारी बंधनाखालच्या नव्हे, चांगल्या स्वतंत्र अशा झेडडीएफ वाहिनीने ४ जानेवारीच्या संध्याकाळच्या बातम्यांत हा विषय घेतला नाही आणि दुसऱ्या दिवशी चूक कबूल केली. कोलोनच्या पोलीसप्रमुखांना पद सोडावे लागले.

येथपर्यंतची कथा आपल्या पत्रलेखक श्रोत्यांना आवडेल. पण ती येथे संपत नाही. गप्प बसल्याची लाज वाटलेल्या त्याच वृत्तसृष्टीतील एका साप्ताहिकाने आठवड्याच्या आत आपल्या मुखपृष्ठावर गोऱ्या स्त्रीच्या उघड्या अंगावर काळ्या हातांचे ठसे छापले. त्याच महिन्यात बर्लिनमधील एका तेरा वर्षांच्या मुलीला निर्वासितांनी पळवून नेले अशी आवई उठली. ती खोटी निघाली. पण तोवर मोर्चे निघाले होते आणि रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही त्यावर तोंड उघडले होते. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, 'बिल्ड' या सर्वांत खपाच्या पत्राने फ्रँकफुर्टमध्ये कोलोनची पुनरावृत्ती झाल्याची बातमी छापली. पोलिसांनी तपास केला तेव्हा तसे काहीच घडले नव्हते, आणि पत्राला माफी मागावी लागली. आधी मौन, मग आरडाओरड, शेवटी बनाव! एका खोट्याची भरपाई दुसऱ्या खोट्याने करू गेले की हेच होते. या साऱ्यात मला मनापासून आवडलेला निर्णय ड्रेस्डेनच्या 'झेक्सिशे त्साइटुंग' या पत्राचा. २०१६ मध्ये त्याने जाहीर केले की, यापुढे गुन्ह्याच्या बातमीत राष्ट्रीयत्व नेहमीच छापू. परका असला तरी आणि जर्मन असला तरीही. त्या निर्णयावर तेथे वाद झाला. मला मात्र त्यातले 'नेहमीच' फार मोलाचे वाटते.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो, आणि ती सांगताना मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागणार आहे.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार होता, शबे-बरातचा दिवस. मालेगावात मशीद आणि कबरस्तानाच्या परिसरात बाँब फुटले. तीसहून अधिक माणसे गेली. बहुतेक नमाजाला आणि पितरांच्या कबरींवर आलेली. पुढे दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमानांना पकडले. ती बातमी ज्या रात्री आली त्या रात्री पहिले पान माझ्या हाती होते. मुसलमानांनीच मुसलमानांच्या कबरस्तानात बाँब का ठेवावेत, हा प्रश्न मला सुचला होता. नाही असे नाही. पण पोलिसांनी खुलासा दिला होता, वेळ झाली होती आणि छपाईखाना खोळंबला होता. मी पाच स्तंभांचा मथळा दिला. त्यात 'संशयित' हा शब्द नव्हता. जागेत बसला नाही, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

पुढे दुसऱ्या एका खटल्यातील कबुलीजबाबातून तपासाची दिशाच फिरली. प्रकरण राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेले आणि २०१३ मध्ये तिने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले. २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्या नऊ जणांना दोषमुक्त केले. त्यांतील एक जण त्याआधीच वारला होता. त्या दिवशी मी पुन्हा टेबलावर होतो. बातमी आतल्या पानावर, दोन स्तंभांत गेली. कोणी मला तसे सांगितले नव्हते. दहा वर्षांपूर्वी मला कोणाचा द्वेष होता म्हणून पाच स्तंभ दिले नव्हते, आणि या खेपेला कोणाची भीती होती म्हणून दोन दिले नाहीत. म्हणूनच मला ते जास्त बोचते.

हे असे का होते याचे उत्तर धर्मद्वेषात शोधण्याआधी वर्तमानपत्राच्या धंद्यात शोधावे. अटकेला एक पुरवठादार असतो. पोलीस पत्रकार परिषद बोलावतात, तोंड झाकलेले आरोपी उभे करतात, नकाशे, कट, टोपणनावे असा सगळा शिधा तयार मिळतो. गुन्हेवार्ता आणणाऱ्या बातमीदाराला उद्याही त्याच साहेबांकडे जायचे असते. तो आडवे प्रश्न विचारील कसा? निर्दोष सुटण्याला असा पुरवठादार नाही. दुपारी केव्हातरी एका खोलीत शेकडो पानांचा निकाल लागतो, तो वाचायला चार दिवस हवेत, आणि सुटलेल्या माणसाची पत्रकार परिषद कोणी भरवत नाही. पलडा येथेच एका बाजूला जातो. त्यात वाचकाचा पूर्वग्रह मिसळला की तो जमिनीला टेकतो. अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळातील दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्या काही अभ्यासकांनी मोजल्या. बळींची संख्या, अटक वगैरे सगळे हिशेबात धरूनही हल्लेखोर मुसलमान असला तर बातम्या सरासरीने ३५७ टक्के अधिक आल्या होत्या. आपल्याकडे असे मोजमाप कोणी हाती घेतले तर त्यातून काय निघेल हे मी सांगत नाही. पण घ्यावे, असे जरूर म्हणतो.

मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानातच, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण मेले. या वेळी पकडले गेलेले हिंदू होते. त्यांत एक साध्वी आणि एक लष्करी अधिकारी. लगेच 'भगवा दहशतवाद' हा शब्द चलनात आला. 'इस्लामी दहशतवाद' या शब्दावर जी मंडळी कालपर्यंत, धर्माला आणि गुन्ह्याला एका दोरीने बांधू नका, असे बजावीत होती, त्यांतल्या पुष्कळांना हा नवा शब्द उच्चारताना जराही अडखळल्यासारखे झाले नाही. आणि जी मंडळी तो पहिला शब्द खुशाल वापरीत होती, त्यांना धर्माला रंग नसतो याचा साक्षात्कार त्याच आठवड्यात झाला.

आता जुलै २०२५ चे दहा दिवस घ्या. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे मेली होती. त्या खटल्यात २०१५ मध्ये बाराजणांना शिक्षा झाली होती, पाचांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, शंभरेक दिवसांनी पटवलेल्या ओळखीवर भरवसा ठेवता येत नाही, अशी त्यामागची कारणे होती. ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव खटल्यातील सातही जणांना निर्दोष सोडले. तेथे तीसहून अधिक साक्षीदार उलटले होते, आणि नुसत्या संशयावर शिक्षा देता येत नाही असे न्यायालयाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निकालांचा कणा एकच : पुरावा पुरला नाही.

परंतु बाहेर काय झाले? पहिल्या निकालावर राज्यकर्त्यांना धक्का बसला, सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २४ जुलैला त्या न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात न पाठवता, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढे बजावले. दुसऱ्या निकालावर त्याच मंडळींनी सत्याचा विजय झाल्याचे सांगितले. विरुद्ध बाजूच्या मंडळींनी हेच दोन अग्रलेख उलट्या क्रमाने लिहिले. पहिल्या वेळी तपासयंत्रणेने निरपराधांना छळले. दुसऱ्या वेळी त्याच राज्याच्या त्याच पथकाचा पहिला तपास अगदी चोख होता! मी त्या दहा दिवसांतली कात्रणे ठेवली आहेत. त्यांत दोन्ही निकालांना एकच माप लावणारे लेख आहेत, पण ते मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

मग धर्म छापावा की नाही, असे मला कोणी विचारील. गुन्ह्याचा हेतूच जेथे धर्माच्या नावाने सांगितला गेला, तेथे तो स्वच्छ छापावा. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर आलेले लोक कोणत्या संघटनेचे आणि कशाच्या नावाने आले होते, हे लपवणे हा मूर्खपणा होता. पण तेथेही पुरते छापावे. मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमान विश्वस्तांनी नकार दिला, ही त्याच बातमीची दुसरी बाजू होती. ती किती जणांना आठवते? उलट, जेथे हेतूचा धर्माशी काडीचाही संबंध नाही, तेथे नाव हे केवळ नाव म्हणून यावे, मथळा म्हणून नव्हे. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारले. मारणारे मुसलमान असल्याची कुजबुज देशभर सुरू झाली. तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही असे सांगावे लागले. एका मंत्र्याला आरोपींचे धर्म मोजून दाखवावे लागतात, याची नामुष्की आम्हा वर्तमानपत्रवाल्यांच्या पदरी जमा आहे. आमच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरला असता, तर ती यादी लागली नसती.

या सगळ्या गोंगाटात एक गोष्ट मी दोन्ही बाजूंच्या लेखांत शोधली, ती फारशी सापडली नाही. २००६ च्या मालेगावात तीसहून अधिक मेले. २००८ च्या मालेगावात सहा. आगगाड्यांत १८० हून अधिक. या साऱ्यांना मारले कोणी? ३१ जुलैच्या संध्याकाळी कोण जिंकले आणि कोण हरले यावर रात्रभर चर्चा झाली. भिक्कू चौकात ज्यांची माणसे गेली त्यांना न्यायालयाने दोन लाखांची भरपाई द्यायला सांगितले, ही ओळ माझ्याच जुन्या पत्रात बातमीच्या अगदी तळाशी, 'पान ७ वर पाहा' या खुणेच्या पलीकडे होती.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवण्यास बजावले आहे. पत्र लिहिणारे सद्गृहस्थ सभागृहात असतील, तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.