डावे, उजवे आणि आपण

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त संस्थेच्या सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला तो असा: 'अस्मितेचे राजकारण आणि डाव्या-उजव्यांचा वाद.' आम्ही प्राध्यापक नाही. बँकेत नोटा मोजणारे आणि संध्याकाळी थोडेफार वाचणारे आहोत. तरीही होकार दिला, कारण हा वाद आता परिसंवादापुरता राहिलेला नाही. या विहाराच्या पायरीवर रात्री दहाला बसणाऱ्या पोरांत तो रोज चालतो. एक म्हणतो, डाव्यांबरोबर जा, गरिबाला दुसरा वाली नाही. दुसरा म्हणतो, डाव्यांनी बाबासाहेबांना पाडले, आपला निळा झेंडा आपल्याला पुरे. तिसरा म्हणतो, ज्यांची सत्ता त्यांच्याकडे जाऊन चार कामे करून घ्या. तिघेही आपलेच, आणि गेल्या निवडणुकीपासून तिघांचे एकमेकांशी बोलणे बंद आहे.

आधी शब्दांचे पाहू. 'डावे-उजवे' हे शब्द फ्रान्सचे. १७८९ साली तिथल्या राष्ट्रीय सभेत राजाचे अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि बदल मागणारे डाव्या हाताला. म्हणजे ही बसण्याची व्यवस्था होती! त्या काळी आपले पूर्वज गावाच्या चावडीत शिरूही शकत नव्हते, मग ते डावीकडे बसणार की उजवीकडे? (जाता जाता सांगतो. काही मंडळी 'बौद्धांचा तर मध्यम मार्ग, आम्ही दोघांच्या मधले' असे म्हणतात. तथागतांचा मध्यम मार्ग भोगविलास आणि देहदंड या दोन टोकांमधला आहे. दोन पक्षांच्या मधली रिकामी खुर्ची असा त्याचा अर्थ नाही.)

आता मुख्य मुद्दा. जात आधी की वर्ग आधी, मान आधी की भाकरी आधी, असा प्रश्न आपल्याला गेली शंभर वर्षे विचारला जातो. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न आपल्या माणसाने कधी विचारलेलाच नाही. तो नेहमी दुसऱ्यांनी विचारला.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घ्या. गिरणीत विणखात्याचा पगार चांगला होता, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत विणकराला तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणजे विटाळ. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत राहिली. आता सांगा, हा जातीचा प्रश्न की पगाराचा? त्या सुताचे एक टोक जातीत होते आणि दुसरे पगाराच्या पाकिटात.

१९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले की सर्व खाती आमच्या लोकांना खुली करा ही मागणी यादीत घाला. कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी ती घातली, पण नाइलाजाने. यादी मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी हसून सांगितले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. त्यांचे खोटे नव्हते. विणखात्याचे दार मालकापेक्षा शेजारच्या साच्यावरच्या कामगाराने अधिक घट्ट धरले होते. पुढच्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. त्याबद्दल त्यांना 'भांडवलदारांचे हस्तक' म्हणणारे आजही भेटतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो की धोट्याचे पुढे काय केले?

म्हणून बाबासाहेब कामगारांच्या प्रश्नापासून दूर गेले असे कोणाला वाटेल, तर १९३६ पाहा. त्या वर्षी त्यांनी पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. नावात जात नाही. याच वर्षी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हा ग्रंथ आला आणि त्यात त्यांनी समाजवाद्यांना समजावले की जात कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगवेगळ्या कप्प्यांत टाकते. म्हणजे एकाच वर्षात एका हाताने मजुरांचा पक्ष आणि दुसऱ्या हाताने जातीवर घाव.

१९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणातल्या खोतांचे कूळ कोण होते? आपले लोक होतेच, पण कुणबी होते, आगरी होते. अलिबागेजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचा संप वर्षानुवर्षे चालला होता. आणि खोतांतही केवळ ब्राह्मण नव्हते, मराठे आणि मुसलमानही होते. जानेवारी १९३८ मध्ये हे कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले तेव्हा मोर्चात सर्व जातींचे पाय होते. पुढच्याच महिन्यात मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती कोणत्याही जातीत असू शकते, असा खुलासाही तिथेच केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेब आणि कॉ. डांगे एकाच बाजूला होते. दहा वर्षांपूर्वीचे भांडण विसरून नव्हे, ते लक्षात ठेवून.

१९४२ साली क्रिप्स योजना आली आणि तिच्यात अस्पृश्यांच्या संरक्षणाला जागाच नाही असे दिसले, तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाले. नाव बदलले ते दिल्लीच्या दारात 'तुम्ही कोण' असे विचारले गेले म्हणून. आणि त्याच वर्षी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बाबासाहेबांनी खाते घेतले ते मजुरांचे.

मित्रहो, आता आपल्या चळवळीतला एक कागद तुमच्यासमोर ठेवतो. तो आज कोणी वाचत नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने दिल्लीला संसदेवर मोर्चा नेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. त्या सनदेत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा अशी मागणी होती. त्याच कागदावर कसेल त्याची जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना द्या, धान्याचे भाव आवरा आणि नीट वाटप करा, किमान वेतन कायदा लावा, झोपडपट्टीवासीयांकडे पाहा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, हेही होते. आजचे पंडित या मागण्या दोन रकान्यांत वाटतील. तैलचित्र अस्मितेच्या रकान्यात आणि धान्य वर्गाच्या. दादासाहेबांना दोन रकाने माहीत नव्हते. ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह सुरू झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली असे सांगतात. कडेवर पोर घेतलेल्या बाया होत्या त्यात. तैलचित्रासाठी गेल्या की जमिनीसाठी, असे त्यांना विचारले असते तर त्यांनी विचारणाऱ्याकडे नुसते पाहिले असते!

पुढे काय झाले ते पाहा. १९९० साली बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत लागले. त्याच वर्षी बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. आनंदाची गोष्ट आहे, पण सव्वीस वर्षे लागली. आणि जमीन? ती कसणाऱ्याच्या नावावर किती चढली हे मराठवाड्यातल्या गायरानधारकांना विचारा. आमचे मत असे की मान देणे सत्तेला स्वस्त पडते. तैलचित्राला भिंत लागते, जमिनीला सातबारा लागतो. म्हणून मान मागू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ ही सोळा वर्षे आपल्या लोकांनी घरे जाळून घेतली, जीव दिले. ते नुसते पाटीसाठी होते असे म्हणणाऱ्याने गावात एक रात्र काढावी. घरे जळाली ती ताठ मानेने वागणाऱ्यांची आणि मजुरी मागणाऱ्यांची. ती माणसे एकच होती.

फुटीचा इतिहास लांब आहे, तो फार उगाळत नाही. १९५९ साली रिपब्लिकन पक्षात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' झाले, आणि दादासाहेब कम्युनिस्टांकडे झुकले हा आरोप त्यात होता. १९७२ च्या दलित पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया अशी व्याख्या केली आणि १९७४ मध्ये बुद्ध की मार्क्स यावरून राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झाले. पुढे ढसाळ शिवसेनेच्या व्यासपीठावर दिसले. २०११ साली आठवले गट शिवसेना-भाजप युतीत गेला. डावे म्हणून हिणवले गेलेले उजवीकडे गेले, आणि मार्क्स नको म्हणणाऱ्यांना मिळाले ते महामंडळ. मुळात बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली होती. दुःख आणि शोषण नाहीसे व्हावे हे दोघांचेही ध्येय, पण हिंसा आणि हुकूमशाही हे मार्ग बुद्धाला मान्य नाहीत, एवढा स्वच्छ फरक त्यांनी मांडला होता. ते भाषण दोन्ही बाजूंनी शांतपणे वाचले असते तर बरे झाले असते.

डाव्यांबद्दल बोलायचे तर त्यांच्यात कॉ. रा. भि. मोरे यांच्यासारखा माणूस होता. महाडच्या परिषदेच्या तयारीत राबलेला, कम्युनिस्ट झाल्यावरही बाबासाहेबांशी नाते न तोडलेला, आणि जातीचा प्रश्न घ्या म्हणून स्वतःच्या पक्षाला निवेदने देत राहिलेला. पक्षाने ऐकायला किती वेळ लावला? १९६४ साली स्थापन झालेल्या मार्क्सवादी पक्षाच्या पॉलिट ब्यूरोत पहिला दलित सभासद २०२२ साली आला. अठ्ठावन्न वर्षे! कॉ. शरद पाटील १९७८ मध्ये बाहेर पडले ते याच प्रश्नावर. उजव्यांचे तर काय सांगावे? त्यांनी १९८३ पासून 'समरसता' हा शब्द चालवला. समता म्हणजे वाटा मागणे, समरसता म्हणजे विरघळून जाणे. साखर दुधात विरघळते तेव्हा दूध गोड होते, पण साखर कुठे राहते?

२०१९ सालचा एक दाखला पुरेसा आहे. आर्थिक दुर्बलांसाठी १० टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती आली. लोकसभेत तिच्या विरोधात ३ मते पडली. उजव्यांनी ती आणली, काँग्रेसने हात वर केला आणि मार्क्सवाद्यांनीही. निकष गरिबीचा, पण अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातला गरीब मात्र त्यात नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी याच मुद्द्यावर बोट ठेवले, पण बहुमताने दुरुस्ती टिकली. नाव वर्गाचे आणि चाळणी जातीची! गिरणीतला धोटा असा पुन्हा सापडतो.

आता आमच्या रोजच्या जागेचे बोलतो. बँकेत शिरल्यावर एका भिंतीवर दोन फलक दिसतात. एक युनियनचा, दुसरा मागासवर्गीय कर्मचारी कल्याण संघाचा. पगारवाढ, संप, पेन्शन हे पहिल्या फलकावर. बिंदुनामावली, अनुशेष, १४ एप्रिलचा कार्यक्रम हे दुसऱ्यावर. दोन्हीकडे वर्गणी भरणारे आमच्यासारखे बरेच. सकाळी साडेआठला दोन्ही फलकांखालची फरशी पुसायला एक बाई येते. पूर्वी ते काम बँकेचा शिपाई-सफाईवाला करायचा, त्याला पगारश्रेणी होती आणि त्या जागेला आरक्षण होते. त्याच नोकरीवर त्याच्या पोरी शिकल्या. आता काम ठेकेदाराकडे आहे. बाई कर्मचारी नाही, म्हणून युनियन तिचे नाव घेत नाही. तिची जागा बिंदुनामावलीत नाही, म्हणून कल्याण संघ तिचे नाव घेत नाही. ती मातंग समाजाची आहे, विहारामागच्या वस्तीत राहते आणि आजच्या सभेला तिला कोणी बोलावलेले नाही.

हे शेवटचे वाक्य आपल्यासाठी. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपवर्गीकरणाला परवानगी दिली तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी 'हे आपल्याला फोडण्यासाठी' म्हटले. असेलही. पण मातंग बांधव वेगळा वाटा का मागतात, हे त्यांच्या वस्तीत जाऊन विचारणारे आपल्यात कितीजण आहेत? आपण डाव्यांना धोट्याचा जाब विचारतो, तसा आपल्यालाही कोणी विचारू शकतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक छोटी सूचना ठेवतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास टेबल लावू. परिसरातले ठेकेदारीवरचे सर्व कामगार, जात कोणतीही असो, झाडूवाले, पहारेकरी, रुग्णालयातल्या आया, यांनी पगाराची चिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक घेऊन यावे. किमान वेतन मिळते का, निधी खरोखर भरला जातो का, हे तपासून अर्ज लिहून देऊ. कारकुनी आम्हाला येते. युनियनच्या दोन जुन्या कार्यकर्त्यांशी बोललो आहोत, ते येतो म्हणालेत. पायरीवरच्या तिन्ही पोरांनी येत्या रविवारी आमच्याबरोबर मागच्या वस्तीत निरोप द्यायला यावे. सकाळी दहाला निघू.

जय भीम! नमो बुद्धाय!