टेंडर एल-वनच्या आधी जिंकलं जातं: सिस्टिम्स इंजिनीअरिंग, अंधेरी आणि मेट्रो वन

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे: टेंडर, आणि त्यात सिस्टिम्स इंजिनीअरचं काम काय. पण अंधेरीला लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याकडे वळणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे, त्यामुळे स्किप करू नका.

आपल्याकडे टेंडर म्हटलं की सगळे एल-वन म्हणतात. ज्याचा आकडा कमी, त्याला काम. हे अर्धंच खरं आहे. पैशांच्या लिफाफ्याआधी तांत्रिक लिफाफा उघडतो आणि काही जण तिथेच बाद होतात. शिवाय कमी आकडा टाकायचा धीर येतो कुठून? तोही तांत्रिक कामातूनच.

समजा, स्टेशनच्या तिकीट गेटचं टेंडर निघालंय. एक ओळ आहे: गेटमधून मिनिटाला ३० प्रवासी गेले पाहिजेत. सेल्सवाला म्हणतो, "मान्य लिही, पुढे चल." सिस्टिम्स इंजिनीअर तिथेच अडतो. हे ३० जण कार्ड टॅप करणारे की क्यूआर दाखवणारे? जुलैमध्ये स्क्रीन ओली, बॅटरी दोन टक्के, मागून धक्के. तेव्हा ३० होतात का? नसतील होत, तर आणखी दोन गेट लागणार. म्हणजे जागा, वायरिंग, यूपीएस. आणि यूपीएस द्यायचा कुणी, आपण की स्टेशन बांधणाऱ्याने? ते टेंडरमध्ये लिहिलेलंच नसतं!

हे सगळं एका एक्सेलमध्ये जातं. कलम, आपलं उत्तर, पुरावा, जबाबदार कोण, खर्च किती. शेकडो ओळी. कंटाळवाणं काम आहे, शप्पथ. पण ज्याची ही शीट भरलेली असते, त्याला भीतीपोटी वरून पैसे चढवावे लागत नाहीत. त्याचा आकडा खाली येतो तो असा.

आता खरी मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. रिलायन्स इन्फ्रा, व्हिओलिया आणि एमएमआरडीए यांच्या भागीदारीतून उभी राहिली. करार २००७ चा, पहिली गाडी ८ जून २०१४ ला. अंदाजित खर्च २,३५६ कोटी होता, नंतर कंपनीने तो ४,००० कोटींच्या वर गेल्याचं सांगितलं.

का वाढला, यावर दोन्ही बाजू भांडल्या. मला विचाराल तर नकाशा बघा. अंधेरीत पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून पूल, पुढे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून केबलचा पूल, खाली जे. पी. रोड आणि अंधेरी-कुर्ला रोडची गर्दी, जमिनीत पाण्याच्या लाइन आणि केबल्स. प्रत्येक ठिकाणी दोन संस्थांची हद्द मिळते. आमच्या भाषेत इंटरफेस. गर्डरचं वजन ड्रॉइंगवरून कळतं, पण रेल्वे रुळांवर काम करायला रात्रीचा ब्लॉक कधी देणार, हे ड्रॉइंगवर नसतं. बोली लावताना त्याची किंमत धरली नाही, तर ती कुठेतरी फुटतेच.

फुटली ती भाड्यात. एमएमआरडीए म्हणत होती करारानुसार ९ ते १३ रुपये, कंपनीला हवे होते १० ते ४०. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये १० ते ४० लागू झालं. त्याच वर्षी भाडे समितीने कमाल ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. ती हायकोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. वर्सोवा ते घाटकोपर रोज जाणाऱ्याने हा हिशोब स्वतः करून बघावा.

ज्यांना या कामात यायचंय त्यांच्यासाठी एक फुकटचा अभ्यास: महाटेंडर्सवर कुठलंही मोठं टेंडर उघडा आणि प्री-बिड प्रश्नोत्तरांची फाइल जोडलेली असेल तर ती वाचा. कोणते प्रश्न विचारलेत ते पाहा, आणि "टेंडरनुसार" एवढंच उत्तर कुठे मिळालंय त्यावर खूण करा. तिथे तुम्ही बोली लावत असता तर किती पैसे राखून ठेवले असते, कमेंटमध्ये सांगा. पुढच्या भागात शुद्धिपत्रकांवर बोलू.