आखाड्याला आधी वस्ताद हवा



महाविद्यालयातील बंद पडलेला आखाडा पुन्हा सुरू करावयाचा, तर प्रथम काय हवे? माती, गादी की निधी? माझ्या मते प्रथम वस्ताद हवा.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर झुंजावे लागले. तरीही ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते.

हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक मिळविले. पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी दादू चौगुले यांच्यासारखे मल्ल घडविले.

डाव पुस्तकात वाचता येतो. पण समोरच्याचा तोल नेमका केव्हा ढळतो, हे जाणत्याच्या हाताखालीच उमगते. आपल्या परिसरातील निवृत्त मल्लांना महाविद्यालयांनी नियमित मानधनावर सन्मानाने बोलवावे. वर्षातून एकदा फेटा बांधण्यापेक्षा रोज पहाटे त्यांच्या हाती विद्यार्थी सोपविणे, हाच त्यांचा खरा सत्कार होय.