गाडी घेऊन नेपाळला जाताना

(मागील वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या ठिकाणी आरोग्य, गुंतवणूक, संतसाहित्य अशा विषयांवर जाणकार लोक बोलतात. यंदा चिटणिसांनी मला उभे केले आहे ते जरा वेगळ्या कारणासाठी. गेल्या काही वर्षांत आपल्यातली बरीच कुटुंबे स्वतःच्या गाडीने नेपाळला जाऊन आली. कोणी पशुपतिनाथाला, कोणी मुक्तिनाथाला, कोणी लुंबिनीला. परत आल्यावर देवळाचे वर्णन दोन मिनिटांत आटोपते आणि मग 'पोलिसाने कुठे अडवले आणि किती काढले' हे अर्धा तास चालते. मी सोलापूरला सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. काम रुळांच्या देखभालीचे. नौतनवा, नानपारा, बहराइच या बाजूला कामानिमित्त जाणे असते आणि तिथून सीमा हाकेवर, म्हणून हा विषय माझ्या गळ्यात पडला.

लखनौहून बाराबंकी, बहराइच, नानपारा करत रुपईडिहा दोनशे किलोमीटरच्या आत येते. पलीकडे नेपाळगंज. दुसरा रस्ता अयोध्या, बस्ती, गोरखपूरवरून सोनौलीचा, तो साधारण पावणेचारशे किलोमीटर. इतके जवळ असल्यामुळे परदेशात चाललो आहोत असे मनातच येत नाही. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे आपल्याला तिथे पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. पण ही मोकळीक माणसाला आहे, गाडीला नाही. रस्त्यात होणाऱ्या अडवणुकीपैकी निम्मी तरी या एका गैरसमजातून सुरू होते.

गाडीसाठी सीमेवर भन्सार करावे लागते. भन्सार म्हणजे त्यांचे कस्टम, आपल्याकडच्या जुन्या जकात नाक्यासारखे. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. खासगी गाडीला वर्षात तीस दिवसांची मर्यादा आहे. त्याशिवाय यातायात कार्यालयाचा परवाना असतो. सीमेवर पोचलात की चार पोरे गाडीला झोंबतात, 'साहब, भन्सार करा दूँगा'. त्यांच्या नादी लागू नये. फॉर्म देवनागरीत असतो आणि खिडकीवरचा माणूस हिंदी समजतो. या पोरांच्या हाती कागद दिला की कधी कधी पाच दिवसांचे पैसे घेऊन तीन दिवसांचीच पावती हातात येते. तारीख विक्रम संवतातली असल्यामुळे आपल्याला काही कळत नाही आणि चौथ्या दिवशी नाक्यावरचा शिपाई बरोबर तेवढ्यावरच बोट ठेवतो. म्हणून पावती खिडकीपाशीच उभे राहून वाचा आणि 'कुठल्या दिवसापर्यंत' हे विचारून मागे पेन्सिलीने आपली तारीख लिहून ठेवा.

आता कागदांचे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत २ नोव्हेंबर २०१८ रोजी बदल झाला. तेव्हापासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहे. त्यामुळे खिशात पाकीट न ठेवता गाडी चालवायची सवय लागली. ती सवय सीमेच्या अलीकडे सोडून जायची. पलीकडे आपला मोबाइल बहुधा बंदच पडतो आणि डिजिलॉकरला तिथे कोणी ओळखत नाही. मूळ लायसन्स, मूळ आरसी, विमा, पीयूसी, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत हवे. गाडी बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे सहीचे पत्र हवे. विम्याचे बहुतेकांना माहीत नसते. आपली मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. कंपनीकडे थोडा जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घेता येते. त्यात बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे देश येतात. पोलीस ते विचारील न विचारील, पण डोंगरात कोणाला धक्का लागला तर त्या एका ओळीवाचून घर विकायची वेळ येईल.

एक अप्रिय गोष्टही बोलतो. 'नेपाळी पोलिसांनी लुटले' म्हणून ज्या कथा आपण ऐकतो, त्यातल्या पुष्कळशा लुटीच्या नसून साध्या दंडाच्या असतात. काठमांडू खोऱ्यात १४ एप्रिल २०१७ पासून, म्हणजे त्यांच्या २०७४ च्या वर्षप्रतिपदेपासून, विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. आपण चारबागच्या चौकात हॉर्नवर हात ठेवूनच गाडी शिकलेलो. तिथे लेन मोडली की खरोखर दंड होतो आणि दारू पिऊन चालवणाऱ्याला रात्री नाक्यानाक्यावर तपासतात. मादक पदार्थ सेवन या शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते त्याला 'मापसे' म्हणतात. पोलीस चिट लिहितो, लायसन्स ठेवून घेतो, आपण कार्यालयात किंवा बँकेत दंड भरायचा आणि लायसन्स सोडवून आणायचे, अशी तिथली पद्धत. लेन मोडण्यासारख्या साध्या चुकीला बरीच वर्षे पाचशे ते दीड हजार नेपाळी रुपयांच्या आतबाहेर दंड होत आला आहे. चिट देणारा पोलीस आपले काम करतो आहे. त्याला पैसे चारायला जाणारे आपणच असतो आणि घरी येऊन त्यालाच लुटारू म्हणतो, हे मला पटत नाही.

खरी अडचण चिट न देणाऱ्याची आहे. लायसन्स त्याच्या हातात, पुढे पोखरा दीडशे किलोमीटर, हॉटेलचे पैसे आगाऊ भरलेले, मागे मुले कंटाळलेली. त्याला आपल्या चुकीशी काही देणेघेणे नसते. तो आपल्या घाईवर जगतो.

पुण्याहून माझी ताई आणि दाजी आले होते तेव्हाची गोष्ट. एमएच-१२ ची गाडी, दाजी चालवत होते, मी शेजारी. एका गावाबाहेर, गावाचे नाव सांगत नाही, गणवेशातल्या एका माणसाने हात केला. कागद बघितले, सगळे ठीक. मग म्हणाला, वळणावर ओव्हरटेक केले. दाजींनी मैलभरात कोणाला ओव्हरटेक केले नव्हते, पुढे ट्रॅक्टर होता आणि आम्ही त्याच्याच मागे रांगत होतो. 'डेढ हजार दीजिए, निकल जाइए.' दाजींनी पाकिटाला हात घातला. मी विचारले, 'आयसी कि एनसी?' तिथे भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी हा दर ठरलेला आहे. म्हणजे दीड हजार एनसी हे आपले साडेनऊशेसुद्धा होत नाहीत. नुसते 'रुपये' म्हटले की हा फरक गुपचूप कोणाच्या तरी खिशात जातो. तो म्हणाला, आयसी. मी म्हटले, 'ठीक है, चिट काटिए, दफ्तर में भर देंगे.' त्यावर, आज शनिवार, दफ्तर बंद. शनिवारी नेपाळात साप्ताहिक सुट्टी असते हे खरेच आहे. मी म्हटले, मग चिट द्या, उद्या रविवारी भरू, आम्ही इथेच थांबतो.

ताईने मागे डबा उघडला आणि मुलांना चिवडा वाटायला घेतला. मी वही काढून वेळ लिहिली. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, म्हणून दोन्ही वेळा लिहिल्या. मग त्याच्या छातीवरची पाटी वाचून नाव लिहिले आणि पुढचा प्रश्न त्याला नावाला 'जी' लावून विचारला. आपल्याला एक सोय आहे मंडळी, तिचा विचार आपण करत नाही. दिल्ली-मुंबईचा इंग्रजीवर वाढलेला पर्यटक ती पाटी अडखळत वाचतो, आपण पेपर वाचावा तशी वाचतो. लिपी आपली, आकडे आपले. 'जरिवाना' म्हणजे दंड, 'अनुमतिपत्र' म्हणजे लायसन्स, 'रसिद' म्हणजे पावती. (फसवणारे शब्दही आहेत. रस्त्यावर 'बिस्तारै' लिहिलेले पाहून दाजींना वाटले पुढे रस्ता रुंद आहे. त्याचा अर्थ 'हळू'.) लाचलुचपतीची चौकशी करणारे त्यांचे खाते म्हणजे अख्तियार दुरुपयोग अनुसन्धान आयोग. 'माझ्या अखत्यारीत नाही' म्हणतो ना आपण, तोच शब्द. नेपाळात लोक नुसते 'अख्तियार' म्हणतात आणि सरकारी माणसाला तो चांगला ठाऊक असतो. मी मात्र तो उच्चारला नाही. धमकी दिली की समोरच्याला माघार घेणे कठीण जाते. चाळीस मिनिटांनी त्याने दुसरी गाडी अडवली आणि आमचे कागद खिडकीतून आत दिले.

दरवेळी असेच होईल असे मी म्हणत नाही. पण काही गोष्टी करूच नयेत. लायसन्स दाखवायला नकार देऊ नये, मोबाइल काढून चित्रण करू नये, आवाज चढवू नये. आणि आपली आवडती सवय, खात्याचे ओळखपत्र दाखवणे. माझ्या रेल्वेच्या ओळखपत्राची तिथे दूध केंद्राच्या कार्डाइतकीच किंमत. पोलिसांसाठी १००, वाहतूक पोलिसांसाठी १०३ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४ हे नंबर कागदावर लिहून न्यावेत आणि सीमेवरच तिथले सिमकार्ड घ्यावे. शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर डिसेंबर २०१८ मध्ये तिथे बंदी आली होती. हे नियम बदलत असतात, म्हणून सीमेवर चौकशी करून नेपाळी पैसेच बरोबर घ्यावेत. आणि वेळापत्रकात एक अर्धा दिवस रिकामा ठेवा. मुक्कामाला पोचायची घाई नसलेल्या माणसाकडून पैसे काढणे फार अवघड असते.

पावतीचा हा आग्रह मला रेल्वेने लावला. रुळाचे काम चालू असले की आम्ही वेगमर्यादा लावतो. ती ड्रायव्हरला कोणी ओरडून सांगत नाही. स्टेशन मास्तर लेखी कॉशन ऑर्डर देतो आणि ड्रायव्हर सही करून घेतो. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत, वेग इतका. उद्या काही झाले तर कोणी कोणाला काय सांगितले होते याचा वाद उरत नाही. रस्त्यावर दंड मागणाऱ्याकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

आपल्या बाजूलाही कायदा हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे पोलिसाने लायसन्स जप्त केले तर पोच द्यावीच लागते आणि त्या पोचेवर गाडी चालवता येते. १ सप्टेंबर २०१९ पासून दंड भरमसाट वाढले, त्याबरोबर 'इथेच मिटवू' म्हणणाऱ्यांचा भावही वाढला. पण २६ जुलै २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. 'आम्ही बिचारे, त्याने मागितले म्हणून दिले' हे आता पुरत नाही.

हे सगळे मी एकदा कैसरबागच्या बसस्टँडवर एका माणसाला सांगत होतो. सकाळी पुष्पक एक्स्प्रेस मुंबईहून आली की लखनौ जंक्शनवर पेट्या, गाद्या, बोचकी घेतलेले नेपाळी लोक उतरताना तुम्ही पाहिले असतील. दसईंच्या, म्हणजे आपल्या नवरात्राच्या आधी तर रीघ लागते. पुढे ते रुपईडिहाची बस धरतात. हा सुर्खेतचा, कोथरूडच्या एका सोसायटीत चौदा वर्षे वॉचमन. मराठी आपल्यासारखी बोलतो. माझे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला गाडी आहे, तुम्ही थांबू शकता. आमची बस थांबवतात, पेटी उघडायला लावतात. हा टीव्ही कुणाचा, बिल दाखव. पावती मागितली तर म्हणतात, उतर खाली. मी उतरलो की बस जाते." ही वसुली सीमेच्या आपल्या बाजूला होते. कोण करते ते मी इथे बोलत नाही, गणवेश आपल्या देशाचा होता एवढे पुरे. मी त्याला ११२ नंबर सांगितला. तो म्हणाला, फोन लावायचा तर आधी उतरावेच लागेल ना.

त्याच्या पेटीतला टीव्ही सोसायटीतल्या एका काकूंनी नवा घेतल्यावर जुना म्हणून दिलेला होता. त्याचे बिल तो कुठून आणणार? तर मंडळी, माझी एक विनंती आहे. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी बोलाल तेव्हा त्यांना एवढे सांगा. वॉचमनला, कामवाल्या बाईला गावी नेण्यासाठी काही वस्तू दिलीत तर सोबत साधा कागद द्या. 'अमुक मेकचा टीव्ही मी यांना भेट दिला आहे', खाली नाव, सही, तारीख, फोन नंबर. जमल्यास जुने बिल जोडा. दोन मिनिटांचे काम आहे. त्या माणसाने पुढच्या वर्षी असा कागद नेला आणि बस थांबवल्यावर खिडकीतूनच पुढे केला. या खेपेला पाचशे वाचले, असे त्याने पुण्याला पोचल्यावर फोन करून सांगितले. ब्लँकेटांचा कागद नव्हता, त्याचे शंभर मात्र गेले.

नेपाळला जाणाऱ्यांसाठी कागदपत्रांची यादी मी झेरॉक्स करून आणली आहे. महाप्रसादानंतर माझ्याकडून घ्यावी.