नेमका पीळ
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





अशा मेळाव्यात शिक्षकाने बोलावयाचे म्हटले की विषय ठरलेले असतात. शिस्त, वाचनाची आवड, वेळेचा सदुपयोग. मी आज गाडीच्या बॉडीचे बोल्ट किती आवळावेत, या विषयावर बोलणार आहे. मी मराठी शिकवणारा मास्तर. पाना आणि बोल्ट यांच्याशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध एवढाच, की या कामात लहानपणी माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

आपल्या दोन तालुक्यांतून पुणे-नाशिक रस्ता जातो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही त्यावरची मोठी ठिकाणे. आळेफाट्यावरून एक रस्ता ओतूरमार्गे माळशेज घाटाकडे जातो. मंचरहून घोडेगाव, डिंभ्यावरून दुसरा भीमाशंकरला चढतो. या रस्त्यांच्या कडेने जी गॅरेजे, वेल्डिंगची आणि हौदे बांधण्याची दुकाने आहेत, त्यांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची माणसे राबतात. समोर बसलेल्या पालकांपैकी कितीतरी जणांचे हात मी ओळखतो. त्या हातांनीच आमच्यासारख्यांची फी भरलेली आहे. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

आता ती हकिकत सांगतो. मी नववी पास होऊन दहावीत गेलो, त्या उन्हाळ्यात मामूंच्या गॅरेजवर जात होतो. टोमॅटोचा हंगाम होता. एका शेतकऱ्याची पिकअप आली. हौद्याचा पत्रा सडला होता, म्हणून हौदा उतरवून वेल्डिंग केले आणि पुन्हा चेसिसवर बसवला. बोल्ट हाताने लावून झाले. मामू सामान आणावयास गेले आणि जाता जाता म्हणाले, "सगळे नीट आवळून ठेव."

"नीट" या शब्दाचा अर्थ मी "जितके जमेल तितके" असा घेतला. अंगात जोर कमी, म्हणून पान्याला लांब पाइप लावला आणि लोंबकळलो. एका बोल्टला गंमत वाटली. आधी तो हटत नव्हता आणि मग एकाएकी लोण्यासारखा फिरू लागला. मला वाटले, आता खरा बसला. पुढचे तीन बोल्टही मी तसेच लोण्यासारखे फिरेपर्यंत आवळले. मामू आले तेव्हा मी छाती काढून सांगितले, "एकही हलणार नाही."

आठवड्याभराने तीच गाडी पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराकडे निघाली. शेतातल्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर वळताना पुढचे बोल्ट तुटले आणि हौदा एका बाजूला सरकला. क्रेटवर एक मजूर बसला होता. तो खाली पडला आणि त्याच्या खांद्याचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च मामूंनी दिला. पण तो माणूस त्या हंगामात कामावर येऊ शकला नाही आणि नंतरही त्याचा हात खांद्याच्या वर गेला नाही. हंगामी मजुराचा हात म्हणजे त्याचे सारे घर, हे या सभागृहात मी कुणाला सांगावयास नको.

मामूंनी मला मारले नाही. तुटलेला एक बोल्ट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. तुटल्या जागेजवळ तो बारीक झाला होता, ओढलेल्या गुळाच्या तारेसारखा. ते म्हणाले, "देख, ये ढीला नहीं था. तूने इसको पहले ही मार दिया था."

त्यांचे ते वाक्य समजावयास मला काही वर्षे लागली. मित्रांनो, बोल्ट ही वास्तविक एक अत्यंत ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट केसभर लांबतो आणि परत आखडू पाहतो. या आखडण्याच्या ओढीने हौदा आणि चेसिस एकमेकांवर दाबले जातात. दाब पुरेसा असेल तर त्यांच्यातील घर्षणच त्यांना सरकू देत नाही. दाब कमी पडला की दोन्ही भाग एकमेकांवर घासू लागतात आणि नट आपोआप फिरून सैल होतो. अशा आडव्या हादऱ्यांनी नट कसा सुटतो, हे जर्मनीतील गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. उलट मर्यादेबाहेर ओढलेली स्प्रिंग जशी परत आखडत नाही, तसा अति आवळलेला बोल्ट कायमचा लांबतो. तो पान्याखाली लोण्यासारखा फिरतो तो याच क्षणी. मी ज्याला "बसला" म्हणत होतो, ते त्याचे मरण होते. अति तेथे माती, ही म्हण लोखंडालाही लागू आहे.

ताण मोजून देण्याचे मोठे उदाहरण पाहावयाचे असेल तर लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तिच्या बशीला आकार दिला आहे तो ताणलेल्या तारदोरांनी आणि त्यांवर बसवलेल्या बारीक जाळीने. तिथे दोर सैल पडून चालत नाही आणि ओढून तुटूनही चालत नाही. जे खोडदच्या तारेला लागू, तेच पिकअपच्या बोल्टला.

मग नेमका पीळ किती? त्याचे गणित शाळेतल्या "साधी यंत्रे" या धड्यात आहे. एकदा विज्ञानाचे सर रजेवर असताना मी तो तास घेतला. फळ्यावर तरफ काढली, टेकू काढला आणि माझा हात थांबला. त्या चित्रात मला माझा पाना आणि पाइप दिसला. जोर गुणिले अंतर, एवढेच ते गणित. याला पुस्तकात आघूर्ण म्हणतात आणि गॅरेजात टॉर्क.

हिशेब करून पाहू. १० मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला बोल्ट घ्या. सर्वसाधारणपणे त्याला ५ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. पाना २५ सेंटिमीटरचा असेल तर टोकाला २० किलोचा जोर पुरे. आता एक मीटरचा पाइप लावून तोच जोर दिला, तर टॉर्क होतो २०, म्हणजे चौपट. तो बोल्ट तिथवर पोहोचतच नाही, त्याआधीच संपतो. आणि योग्य आवळलेला हा करंगळीएवढा बोल्ट दोन्ही भागांना किती दाबून धरतो? सुमारे अडीच टन! एवढी ताकद ज्याच्यात आहे, त्याला पाइपची गरज नाही.

डोक्यावरच्या ८.८ या आकड्यालाही अर्थ आहे. पहिला आठ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलोच्या ओढीला हा बोल्ट तुटेल. दुसरा आठ सांगतो की त्याच्या आठ दशांशाला, म्हणजे सुमारे ६४ किलोला, तो कायमचा लांबू लागेल. दुकानदार बिनशिक्क्याचा स्वस्त बोल्ट देतो तेव्हा हे दोन्ही आकडे आपल्याला ठाऊक नसतात, आणि आपण आंधळेपणाने आवळतो.

आता जाणत्या मिस्त्रींना ठाऊक असलेल्या, पण शिकाऊ पोरांना क्वचितच कुणी समजावून सांगितलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तेलाची. पान्याला दिलेल्या जोरातील शंभरपैकी सुमारे नव्वद भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातात. बोल्टला ताणण्यास उरतात जेमतेम दहा. आट्यांना तेल लावले की घर्षण कमी होते आणि त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. म्हणून पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहावयास हवे. गंजलेल्या आट्यांत उलटे घडते. पाना घट्ट लागतो आणि बोल्ट मात्र सैलच राहतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. एक बोल्ट पुरा आवळून मग शेजारचा धरू नये. सगळे आधी हाताने लावावेत, मग समोरासमोरचे, तिरपे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. नाहीतर बॉडी एका कोपऱ्यात दबते आणि दुसऱ्या कोपऱ्यात उचलली जाते.

तिसरी गोष्ट मधल्या मालाची. प्रवासी गाडीच्या बॉडीखाली रबर असते. ते हादरे खाण्यासाठी आहे. अति आवळून चेपले तर ते फाटते. ट्रकच्या हौद्याखाली लाकूड असते. लाकूड सुकते, आकसते आणि यू-बोल्ट आपोआप ढिले होतात. १ जून १९४८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ते पुणे अशी एस.टी.ची पहिली बस धावली, तिची बॉडी लाकडीच होती. पुढे ॲल्युमिनियम आले, पोलाद आले. प्रत्येक मालाचा स्वभाव निराळा, म्हणून आकडाही निराळा. नवा हौदा बसवल्यावर थोडे अंतर चालवून बोल्ट पुन्हा तपासावेत. हे तपासणे म्हणजे गिऱ्हाइकाला उगाच दुसरा हेलपाटा नव्हे, तो कामाचाच भाग आहे.

हा आकडा मोजणारे साधन म्हणजे टॉर्क पाना. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांचे नाव त्याच्या शोधाशी जोडले जाते. नळांचे बोल्ट कामगार अति आवळत, त्यावर त्यांनी हा तोडगा काढला. म्हणजे माझी चूक जगात पहिली नव्हती! आकडा लावून ठेवावा, सावकाश ओढावे आणि "टक्" असा पहिला आवाज येताच थांबावे. दुसऱ्यांदा ओढू नये. या पान्याने जाम बोल्ट सोडवू नयेत आणि काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. वर्षातून एकदा, किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर, त्याचीही तपासणी करून घ्यावी. मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजावे लागते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या अपघातानंतर मामूंनी कुठूनतरी त्या गाडीचे दुरुस्तीचे पुस्तक मिळवले. ते इंग्रजीत होते. मामू चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ते माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, "पढ के बता." मी अडखळत वाचले. काही ठिकाणी आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये होते, काही ठिकाणी न्यूटन-मीटरमध्ये. एका किलोग्रॅम-मीटरचे जवळजवळ दहा न्यूटन-मीटर होतात. एकक न पाहता पन्नासचा आकडा घेतला तर दहापट घोटाळा. रात्री बसून मी सगळे आकडे मराठीत एका पुठ्ठ्यावर लिहिले आणि मामूंनी तो पुठ्ठा हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. वीस वर्षे पान्यावर हुकूमत गाजवलेला तो माणूस त्या दिवसापासून काम करण्यापूर्वी पुठ्ठ्याकडे पाहू लागला. आणि मला दहावी सोडू द्यावयाची नाही, हे त्यांनी माझ्या वडिलांना बजावले ते त्याच आठवड्यात.

पालकहो, आपल्याकडे अजूनही बोलले जाते, "पोराचे डोके चालत नाही, गॅरेजला घाला." या वाक्यात दोघांचा अपमान आहे, पोराचा आणि गॅरेजचाही. ज्या कामात चुकीचा पीळ दुसऱ्याचा खांदा मोडू शकतो, ते काम डोके न चालणाऱ्याचे कसे असेल? मुलाने गॅरेजमध्ये जाऊ नये, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याने जरूर जावे, पण दहावी होऊन जावे. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण होणे लागते. नववीत शाळा सोडणारा मुलगा ते दार स्वतःच्या हाताने बंद करतो, आणि पुढे कितीही हुशार मिस्त्री झाला तरी ते दार त्याला सलत राहते. आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. पुण्यात वाहनांची चाचणी करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था आहे. बसची बॉडी कशी बांधावी याची आज लेखी संहिता आहे. जग लेखी आकड्यांवर चालू लागले आहे. आपल्या मुलांच्या हातात कसब आहेच. त्याला हा आकडा वाचता यावा, एवढीच माझी तळमळ आहे.

संस्थेला माझी एक लहानशी विनंती आहे. आपल्या प्रयोगशाळेसाठी एक टॉर्क पाना घ्यावा. काही हजारांत तो येतो. "साधी यंत्रे" शिकवताना तो मुलांच्या हाती द्यावा, आणि त्या तासाला गावातील एखाद्या जुन्या उस्तादांना बोलवावे. उस्तादांनी हात दाखवावा, मुलांनी आकडा वाचावा. दोघेही एकमेकांकडून शिकतील.

तो मजूर मला अजून कधीकधी बाजारात भेटतो. क्रेट उचलणे त्याला जमत नाही, तो आता क्रेट मोजण्याचे काम करतो. मला "मास्तर" म्हणून हाक मारतो आणि डावा हात उंचावतो, कारण उजवा वर जात नाही. त्या चार बोल्टांचा हिशेब माझ्याकडून पुरा होणार नाही. निदान हे आकडे पुढच्या मुलांपर्यंत पोहोचावेत, म्हणून आज हा विषय निवडला.