लूपचा उंबरठा

घरात ज्याला सगळे ‘बंड्या’ म्हणतात, त्याला शाळेच्या हजेरीत त्या नावाने कुणी पुकारत नाही. ते नाव घराच्या उंबरठ्याआतच चालतं. प्रोग्रॅमिंगमध्ये व्हेरिएबलच्या नावालाही अशीच हद्द असते. तिला स्कोप म्हणतात. नवशिक्यांची सर्वाधिक धांदल उडते ती लूपमध्ये, कारण प्रत्येक भाषेचा उंबरठा वेगळ्या जागी आहे.

पायथन घ्या. ‘फॉर आय इन रेंज 5’ हा लूप 0 ते 4 असा पाच वेळा फिरतो. तो संपल्यावरही आय शिल्लक राहतो आणि त्यात 4 असतो. जावा शिकून आलेल्याला हे खटकतं, कारण तिथे लूपच्या कंसात जाहीर केलेलं व्हेरिएबल लूपबरोबरच संपतं. पायथनमध्ये हद्द फंक्शनला असते, फॉर लूपला नसते. यादी रिकामी निघाली तर मात्र लूप एकदाही फिरत नाही. मग आधी कुठे न मांडलेलं ते नाव तयारच होत नाही आणि पुढे वापरायला गेलं की ‘नेमएरर’ येतो. लूपनंतर लागणारं व्हेरिएबल म्हणूनच लूपच्या आधी मांडून ठेवावं.

जावास्क्रिप्टची गंमत आणखी वेगळी. ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये तिचा पहिला नमुना अवघ्या 10 दिवसांत तयार केला. तिच्यातल्या ‘व्हार’ची हद्दसुद्धा फंक्शनपुरती. समजा, 0 ते 2 असा लूप लावला आणि प्रत्येक फेरीत सांगितलं, ‘एका सेकंदाने आय छाप.’ अपेक्षा 0, 1, 2 ची असते. छापून येतं 3, 3, 3.

असं का? तिन्ही कामांच्या वाट्याला एकच आय आलेला असतो. ती सुरू होईपर्यंत लूप संपून आय 3 झालेला असतो. 2015 मध्ये आलेला ‘लेट’ प्रत्येक फेरीला नवा आय देतो आणि उत्तर जुळतं. अशा चुका मुरलेल्या प्रोग्रॅमरकडूनही होतात. गो भाषेने तर त्यासाठी फेब्रुवारी 2024 मधल्या 1.22 आवृत्तीत लूपचा नियमच बदलला.

बॅश या शेल भाषेतही हद्दीचा असाच घोळ होतो. तिथे फाइल पाइपने व्हाइल लूपकडे पाठवून ओळी मोजल्या, तर शेवटी मोजणी 0 दिसते. पाइपनंतरचा लूप वेगळ्या सबशेलमध्ये चालतो आणि वाढलेली संख्या तिथेच राहते. पाइप काढून फाइल थेट लूपला जोडली की मोजणी बरोबर येते.

शिकणाऱ्यांनी आज एवढं जरूर करावं: पाच ओळींचा एक लूप लिहावा आणि त्यातलं व्हेरिएबल लूपच्या आधी, आत आणि नंतर, असं तीन ठिकाणी छापून पाहावं. एरर आला तर घाबरू नये, तो नीट वाचावा. नावाची हद्द कुठे संपते, हे त्याच ओळीवर कळतं.