आमच्याकडची बेटं



गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण मुलाकडे न्यू जर्सीला गेली होती. तिथून ते सगळे मिळून आठ दिवस बार्बाडोसला जाऊन आले. परतल्यावर तिचा फोन आला. मी वही-पेन घेऊनच बसले होते, काय काय पाहिलं ते लिहून घ्यावं म्हणून. तर ती म्हणते, "ताई, आम्ही तसं काहीच केलं नाही गं. एकच बेट, आठ दिवस. सकाळी निघायचं, वाटेल तिथं थांबायचं. एके दिवशी तर आदल्या दिवशीच्याच जागी परत गेलो. नातीला तिथला एक दगड आवडला होता."

तो दगड म्हणजे बाथशेबाच्या किनाऱ्यावरचा. बेटाच्या पूर्वेला अटलांटिकच्या लाटा आदळतात, त्यांनी तिथल्या मोठाल्या दगडांचे पाय कुरतडून टाकलेत. वर भलं मोठं डोकं आणि खाली बारीक मान, असे ते पाण्यात उभे आहेत. पश्चिमेची बाजू कॅरिबियन समुद्राची, ती शांत. तिथं लेकरं दिवस दिवस पाण्यात. जेवायला उडणारे मासे आणि कू-कू. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून घोटलेली. बहीण म्हणाली, "आपल्या घाट्यासारखं लागतं, फक्त भेंडीचा चिकटपणा जास्त."

मी ऐकत होते आणि मला रेडिओ आठवत होता. १९७१ साली मी शाळेत होते. गावसकर पहिल्यांदाच वेस्ट इंडिजला गेले आणि त्या एका मालिकेत त्यांनी ७७४ धावा काढल्या. त्यातल्या नाबाद ११७ बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला. आमच्या वाड्यात एकच रेडिओ, बातम्यांच्या वेळी सगळी आळी त्याच्याभोवती. त्रिनिदाद, गयाना, बार्बाडोस ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी रेडिओवर ऐकली. आणि २९ जून २०२४ ला त्याच ब्रिजटाउनला आपण टी-ट्वेन्टीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा माझा सात वर्षांचा नातू मध्यरात्री टीव्हीसमोर नाचत होता. पन्नास वर्षांच्या अंतरानं एकाच गावाचं नाव आजीच्या आणि नातवाच्या कानात बसलं.

पुढं मी शिक्षिका झाले. एकतीस वर्षं लातूर जिल्ह्यात भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर लिहायचे : चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात. पोरं लिहून घ्यायची. आणि दरवर्षी एखादं तरी पोरगं हात वर करायचं, "बाई, मग हत्तीबेट?"

त्या पोरांना मी नीट उत्तर दिलं नाही, ही माझी जुनी खंत आहे. "ते नुसतं नाव आहे, बस खाली," असं म्हणून पुढं जायचे. पण ते नुसतं नाव कसं असेल? उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे, त्याला संजीवनी बेट म्हणतात. नांदेड जिल्ह्यात मुखेडकडे बेटमोगरा आहे, लोह्याकडे बेटसांगवी आहे. जिथून समुद्र दिसायलाही दिवसभराचा प्रवास करावा लागतो, तिथल्या माणसांच्या तोंडात हा शब्द इतका कसा रुळला?

यंदा दिवाळीला पुण्याहून मुलगा आमच्याकडे नांदेडला आला. सून आणि दोन नातवंडंही. सून मालवणची. मुलानं येतानाच तीन दिवसांत सात ठिकाणं बसवून आणली होती, कुठं पाऊण तास, कुठं दीड तास. मी म्हणाले, "बाळा, ही सुट्टी आहे का परीक्षेचं वेळापत्रक?" बहिणीचा तो दगड माझ्या डोक्यात होता. मग असं ठरलं की ह्या खेपेला फक्त बेटं बघायची, आणि एका दिवसात एकच.

सून हसली. "आई, मी सिंधुदुर्ग किल्ला बघत मोठी झाले. तुम्ही मला लातुरात बेट दाखवणार?"

भाऊबीज झाली आणि आम्ही नांदेडहून निघालो. गाडी चालवायला मुलगा, त्याच्याशेजारी आमचे हे, बाकी सगळे मागं.

पहिला थांबा कंधार. इथं मला माझी फळ्यावरची व्याख्या तंतोतंत सापडली. कंधारचा किल्ला भुईकोट, राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा. त्याच्या चारही बाजूंनी रुंद खंदक आहे आणि यंदाच्या पावसानं तो भरून गेला होता. म्हणजे चारही बाजूंनी पाणी आणि मध्ये भूभाग. गावाजवळचा मोठा तलावही त्याच काळातला, जगत्तुंग सागर. जुन्या शिलालेखात त्याला जगत्तुंग समुद्र म्हटलं आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी पाणी अडवलं आणि त्याला सरळ समुद्र म्हटलं! ज्यानं उन्हाळ्यात मराठवाडा पाहिला आहे, त्याला ते नाव फुगवलेलं वाटणार नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या रांगेत मी घागर घेऊन उभी राहिलेली आहे. तलावाच्या काठाला सुनेनं चपला काढल्या आणि पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. मुलं खडे मारत होती. दोन तास आम्ही तिथून हललो नाही.

रात्री चाकूरला नणंदेकडे राहिलो आणि सकाळी वडवळ नागनाथ. सपाट शिवारात हे बेट एकदम उभं राहतं. सोयाबीन काढून झालेली, काळी रानं रब्बीसाठी तयार केलेली, आणि मध्येच हा झाडोऱ्यानं भरलेला उंचवटा. चढताना एक मावशी शेळ्या घेऊन भेटल्या.

"कुठून आलाव बाई?"

"नांदेडहून."

"औषधाला आलाव का? उत्तरा तर गेली की आता."

सप्टेंबरात उत्तरा नक्षत्र लागलं की इथं माणसांची रीघ लागते, कर्नाटकातूनसुद्धा लोक येतात. त्या पंधरवड्यात इथल्या झाडपाल्यात गुण उतरतो असं मानतात. हनुमान द्रोणागिरी घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथं पडला, म्हणून हे संजीवनी बेट. मावशींनी नातवाला मुरडशेंग दाखवली, गुळवेल दाखवली, शतावरीचे काटे सांभाळून बघ म्हणाल्या. नातीनं एकेक नाव वहीत लिहून घेतलं. कोणत्या पाल्यानं कोणता आजार जातो ते सांगणं माझं काम नाही, ते वैद्य-डॉक्टरांनी सांगावं. पण एक मला मनापासून वाटतं. गावानं हा डोंगर औषधाचा म्हणून मानला, म्हणून इथं कुऱ्हाड भीत भीत चालली. आसपासचे कितीतरी माळ उघडे झाले, हा हिरवा राहिला.

दुपारी तिथंच डबा सोडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुपात भिजवलेले तिखट धपाटे. मावशींनाही वाढलं. त्यांनी ओच्यातून चार सीताफळं काढून पोरांच्या हातात दिली.

आणि तिसऱ्या दिवशी हत्तीबेट.

उदगीरहून सकाळी लवकर निघालो. आठ वाजता पायथ्याला. वरपर्यंत रस्ता आहे, गाडी जाते. पण मी म्हणाले, आधी भोवती चालू या. बार्बाडोस लांबीला ३४ किलोमीटर आणि रुंदीला २३. बहिणीनं ते आठ दिवसांत फिरून काढलं. आपलं बेट तेवढं मोठं नाही, पण एक पूर्ण दिवस तरी त्याला द्यावा.

तुरी फुलावर होत्या. पिवळ्याधमक. त्या तुरीच्या बांधाबांधानं आम्ही चाललो. पाणी देत असलेले एक शेतकरी थांबून म्हणाले, "गाडी वर जाती की. उगं पायी कशाला चाललाव?"

"सगळं बेट बघायचंय, दादा."

"सगळं?" त्यांनी फावडं बांधावर ठेवलं. "मग असं नका जाऊ, नाला आडवा येतो. चला, मी दावतो."

ते दादा मग दुपारपर्यंत आमच्याबरोबर होते. कातळात कोरलेली लेणी त्यांनी दाखवली. अंधाऱ्या खोल्या, थंडगार. बाहेर ऊन तापलेलं आणि आत शिरलं की अंगावर काटा. एके ठिकाणी थांबून त्यांनी सांगितलं की रझाकारांच्या काळात निजामाविरुद्ध लढणारी किसान दलाची माणसं ह्या बेटाच्या आसऱ्याला होती. "आमचा आजा रातीला भाकऱ्या घेऊन यायचा म्हणं. दिवा लावायचा नाही, खोकायचं नाही." नातू एकदम हळू बोलायला लागला. १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन का असतं, हे मी त्याला पुण्याच्या घरात दोनदा सांगितलं होतं. तिथं त्या कपारीशी उभा राहून तो विचारत होता, "भाकऱ्या गार होत असतील ना?"

भोवतीचा वळसा पुरा व्हायला चार तास लागले. एरवी दीड तासाचं काम. पण वानरं दिसली की थांबायचं, मुंग्यांचं वारूळ दिसलं की थांबायचं. नात दर थोड्या वेळानं वहीत बेटाची कड काढायची, खोडायची, पुन्हा काढायची.

दुपारून वर गेलो. वर गंगाराम महाराजांची समाधी आहे, मंदिर आहे, मोठमोठी झाडं आहेत. सावलीत सतरंजी टाकली. हे लगेच आडवे झाले. मी कड्याच्या बाजूला गेले तर सून आधीच तिथं उभी. चहूकडं खाली सपाट काळं रान, त्यावर तुरीचे पिवळे पट्टे, देवर्जनच्या अंगाला पाण्याचा चकाका.

तिथं मला माझ्या वर्गातल्या त्या पोरांचं उत्तर सापडलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि आपलं सगळं पठार तयार झालं. तेव्हा हे बेट नव्हतंच, सगळीकडं इतकीच उंच जमीन होती. मग पाणी आलं. लाखो वर्षं पावसाचं पाणी, ओढ्यांचं पाणी भोवतालची जमीन कणाकणानं झिजवत राहिलं. जिथला दगड टणक होता तेवढाच भाग उरला. बाकीचं मांजरेत गेलं, मांजरेतून गोदावरीत, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. म्हणजे हत्तीबेटालाही पाण्यानंच वेढून बेट केलेलं आहे. फक्त ते पाणी काम संपवून निघून गेलं. बार्बाडोसचं उलटं झालं. ते बहुतांशी पोवळ्यांच्या चुनखडीचं, समुद्राच्या तळातून वर उचललं गेलेलं. ते वर आलं, आपल्याकडं भोवतालचं खाली गेलं. आणि उंचीच म्हणाल तर बार्बाडोसचा सगळ्यात उंच डोंगर साधारण ३४० मीटरचा. लातूरच्या गंजगोलाईत भाजी घेताना आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर उभे असतो.

सुनेला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, आमच्याकडं बांबूच्या बनालासुद्धा बेटच म्हणतात. बांबूचं बेट." खरंच की. माझ्या माहेरीही वेळूचं बेट होतं विहिरीशी. त्याला कुठं पाणी वेढलेलं? मोकळ्या जागेत एकाच बुंध्यातून दाट उठून उभं राहतं ते बेट. आपल्या भाषेनं पाण्याकडं नाही, उठून उभं राहण्याकडं पाहून हा शब्द वापरला असावा. मी शब्दकोशातली जाणकार नाही, पण त्या कड्यावर उभं राहून मला तसं वाटलं आणि अजूनही वाटतं.

सून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सिंधुदुर्ग मी रोज बघायचे. शाळेतून येताना, मैत्रिणींबरोबर. पाहुणे आले की होडीनं घेऊन जायचो, देवळात पाया पडायचो, परत. तटाच्या कडेनं पूर्ण चक्कर मी एकदाही मारली नाही. आता मे महिन्यात सगळे मालवणला या. होडीतून उतरायचं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचंच नाही."

नातीचा नकाशा दिवे लागायच्या सुमाराला पुरा झाला. त्यात नाला होता, लेणी होती, वानरांचं झाड होतं, आणि दादांचं शेत होतं. उतरताना तिनं तो दादांना दाखवला. त्यांनी वही हातात घेतली, उलटीसुलटी करून आपलं शेत शोधलं, आणि विहीर राहिली म्हणाले. तिनं तिथंच, गाडीच्या दिव्याच्या उजेडात, विहीर काढली.

दुसऱ्या दिवशी मुखेडमार्गे नांदेडला निघालो. मुलाला पुण्याची गाडी गाठायची होती, म्हणून कुठं थांबायचं नाही असं ठरलं होतं. मुखेडच्या बाजूला रस्त्याकडेला गावाच्या नावाची पाटी दिसली. मुलं झोपली होती, मी काही बोलले नाही. बोलली ती सून.

"अहो, थांबवा. बेटमोगरा."

मुलानं घड्याळ पाहिलं, मग आरशातून माझ्याकडं पाहिलं, आणि गाडी वळवली.